अक्षरासाठी थांबलेला ग्रंथ

अमेरिकेतील मिल्वॉकी या शहरी एका मिठाईच्या कारखान्याने शाळकरी मुलांसाठी एक स्पर्धा लावली होती. 'झीग्लर्स जायंट बार' हे त्या कारखान्याच्या एका वडीचे नाव. त्या नावातील अक्षरे मागेपुढे करून जास्तीत जास्त इंग्रजी शब्द जो जुळवील त्याला बक्षीस मिळावयाचे होते. आठवीतील एका मुलाने पोटदुखीचे निमित्त सांगून दोन आठवडे घरी बैठक मारली, एक जाडजूड शब्दकोश पुढे घेतला आणि साडेचार हजार शब्द लिहून काढले. परीक्षकांच्या स्वतःच्या यादीत सुमारे अडीच हजारच शब्द होते! शाळेला दूरचित्रवाणीचा संच मिळाला आणि वर्गातील प्रत्येक मुलाला एकेक वडी. त्या मुलाचे नाव डोनाल्ड क्नूथ. पोटदुखीचे सोंग शिक्षकवर्गाला मानवणारे नाही हे खरे. पण कंटाळा न येता एका वेडाच्या मागे जाण्याची जी शक्ती पुढे साठ वर्षे दिसून आली, ती प्रथम दिसली ती येथे.

क्नूथ यांचा जन्म १० जानेवारी १९३८ चा. वडील लूथरन पंथाच्या शाळेत शिक्षक होते, देवळात ऑर्गन वाजवीत, आणि संसाराला जोड म्हणून घराच्या तळघरात लहानसा छापखानाही चालवीत. शाळा, ऑर्गन आणि छपाईची शाई या तीन गोष्टी मुलाच्या वाट्याला वडिलांकडून आल्या. त्यांपैकी एकही त्याने पुढे टाकली नाही. विद्यार्थिदशेत त्याच्या नावावर छापून आलेले पहिले लिखाण मात्र विनोदी होते. १९५७ साली 'मॅड' नावाच्या विनोदी मासिकात त्याने वजनमापांची एक नवी पद्धती जाहीर केली. तिचे मूळ माप कोणते? तर त्याच मासिकाच्या सव्विसाव्या अंकाची जाडी. ती त्याने मिलिमीटरच्या अपूर्णांकात एकवीस स्थळांपर्यंत दिली होती. थट्टाच, पण थट्टेतही हिशेब चुकू द्यावयाचा नाही हा बाणा त्यात आहे.

१९५६ साली क्लीव्हलँड येथील केस तंत्रसंस्थेत पदार्थविज्ञान शिकण्यासाठी तो दाखल झाला. संगीत घ्यावे की विज्ञान, हा प्रश्न तेव्हा नुकताच सुटला होता. खर्चाला हातभार म्हणून संख्याशास्त्रज्ञांकडे आलेख काढण्याचे व छिद्रांकित पत्रे निवडून लावण्याचे काम त्याने पत्करले. तेथे काचेपलीकडे एक यंत्र लुकलुकत असे. ते आय. बी. एम. कंपनीचे ६५० जातीचे संगणकयंत्र होते.

आजच्या वाचकाला या यंत्राची कल्पना यावी म्हणून थोडे विस्ताराने सांगणे अवश्य आहे. १९५३ साली जाहीर झालेले हे यंत्र पुढे जवळजवळ दोन हजारांच्या संख्येने तयार झाले, आणि मोठ्या प्रमाणावर निर्माण झालेले पहिले संगणकयंत्र म्हणून ते ओळखले जाते. त्याची स्मृती म्हणजे एक फिरते पिंप. मिनिटाला साडेबारा हजार फेरे घेणाऱ्या त्या पिंपाच्या चुंबकीय पृष्ठावर दहा-दहा अंकांच्या दोन हजार संख्या मावत. आज एखाद्या मुलाच्या खेळण्यातही याहून अधिक साठवण असते. प्रत्येक आज्ञा दहा अंकांची. पहिले दोन अंक काय करावयाचे ते सांगत, पुढचे चार ज्या संख्येवर क्रिया करावयाची तिचे ठिकाण, आणि शेवटचे चार पुढची आज्ञा कोठे आहे ते ठिकाण.

पुढच्या आज्ञेचे ठिकाण प्रत्येक वेळी का सांगावे लागे? कारण पिंप थांबत नाही. एक आज्ञा पुरी होईपर्यंत ते काही अंश पुढे सरकलेले असते. पुढची आज्ञा लगतच्याच घरात ठेवली, तर ते घर वाचणाऱ्या टोकाखालून केव्हाच निघून गेलेले असणार. मग पुरा एक फेरा वाट पाहणे आले. म्हणून चतुर माणूस आपल्या आज्ञा पिंपावर अशा विखरून ठेवी की, यंत्र मोकळे होताच हवी ती आज्ञा नेमकी समोर यावी. रहाटाच्या फिरत्या पोहऱ्यांपैकी नेमका हवा तो पोहरा नेमक्या क्षणी हाती लागावा, तसा हा प्रकार. ही जुळवाजुळव ज्याने केली त्याच्या मनात एक गोष्ट कायमची ठसे: प्रोग्रॅम नुसता बरोबर असून भागत नाही, तो नेटकाही असावा लागतो.

यंत्राच्या माहितीपुस्तकात नमुन्यादाखल काही प्रोग्रॅम दिलेले होते. अठरा वर्षांच्या क्नूथला ते वाचून वाटले की, याहून चांगले आपणही लिहू शकू. पुस्तकच उत्तम असते तर कदाचित तो आदराने दूर राहिला असता. सामान्य पुस्तकाचा असाही एक उपकार असतो. संस्थेचा उदारपणा असा की, पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांनाही रात्री यंत्राजवळ बसू देत. त्याने संख्येचे अवयव काढणारा प्रोग्रॅम लिहिला, फुली-गोळ्याचा खेळ यंत्राला शिकविला, आणि पुढे आज्ञांचे भाषांतर करणारे मोठे प्रोग्रॅमही रचले. महाविद्यालयाच्या बास्केटबॉल संघासाठी त्याने प्रत्येक खेळाडूचा खरा वाटा मोजणारे एक सूत्र बसविले. नुसते गुण नव्हेत, तर चेंडू गमावला किती वेळा, मिळविला किती वेळा, हे सारे त्यात धरलेले असे. १९६० साली त्या संघाने आपल्या गटाचे अजिंक्यपद मिळविले, आणि सूत्राची बातमी न्यूजवीक साप्ताहिकापर्यंत पोहोचली. त्याच वर्षी अध्यापक मंडळाने खास ठराव करून त्याला बी. एस. बरोबरच एम. एस. ही पदवीही देऊन टाकली.

त्या उन्हाळ्यात बरोज कंपनीच्या यंत्रासाठी अल्गॉल भाषेचा अनुवादक प्रोग्रॅम त्याने एकट्याने लिहून दिला. मोबदला साडेपाच हजार डॉलर! त्या काळच्या विद्यार्थ्याला ही रक्कम मोठी होती. धंदा म्हणून हीच वाट धरली असती तर क्नूथ श्रीमंत झाले असते. ते कॅलिफोर्नियात गणित शिकावयास गेले, १९६१ मध्ये जिल कार्टर यांच्याशी विवाहबद्ध झाले आणि १९६३ साली त्यांनी डॉक्टरेट मिळविली.

लग्नाला वर्ष होण्याच्या आतच, जानेवारी १९६२ मध्ये, ॲडिसन-वेस्ली या प्रकाशनसंस्थेने त्यांच्याकडे अनुवादक प्रोग्रॅमांवर एक पुस्तक मागितले. चोवीस वर्षांच्या तरुणाने त्याच दिवशी कागद घेऊन बारा प्रकरणांची यादी केली. पुस्तक एकच व्हावयाचे होते. १९६५ साली हस्तलिखित झाले तेव्हा पाने भरली तीन हजार. क्नूथ यांचा अंदाज असा की, हाताने लिहिलेल्या पाच पानांचे छापील एक पान होईल. प्रकाशकांनी हिशेब सांगितला तो वेगळाच: दीड पानाचे एक. म्हणजे दोन हजार छापील पाने! लेखक मोजण्यात इतका पटाईत, आणि आपल्याच हस्ताक्षराच्या मोजणीत फसला. शेवटी एका पुस्तकाचे सात खंड करावयाचे ठरले. 'द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग' या नावाने पहिला खंड १९६८ मध्ये, दुसरा १९६९ मध्ये व तिसरा १९७३ मध्ये निघाला. या श्रमात प्रकृतीही बिघडली. १९६७ मध्ये जठरव्रणामुळे रुग्णालयात जावे लागले.

ग्रंथाची अर्पणपत्रिका पाहण्यासारखी आहे. ती गुरूला नाही, मातापित्यांना नाही; केस संस्थेतील त्या ६५० यंत्राला, तेथे घालविलेल्या रम्य संध्याकाळींच्या स्मरणार्थ, ती केलेली आहे. नावात 'कला' हा शब्द योजला आहे तोही सहज नव्हे. क्नूथ यांच्या आधी यंत्राला कामाला लावण्याच्या युक्त्या शेकडो होत्या, पण त्या कारखान्यांच्या टिपणांतून आणि माणसांच्या डोक्यांतून विखुरलेल्या होत्या. कोणती युक्ती किती वेळ घेते, कोठे फसते, प्रथम कोणी काढली, हे त्यांनी एकेक तपासून गणिताने सिद्ध केले. आपल्याकडील वाचकाला विशेष वाटेल अशी गोष्ट म्हणजे, फिबोनाचीच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या संख्यामालेचा इतिहास सांगताना त्यांनी तिचे मूळ गोपाल व हेमचंद्र या भारतीय छंदःशास्त्रकारांपर्यंत नेले आहे. लघू आणि गुरू अक्षरांनी ठराविक मात्रांची ओळ किती प्रकारे भरता येईल, हा त्यांचा प्रश्न होता. पुढील एका खंडात १३५६ साली 'गणितकौमुदी' लिहिणाऱ्या नारायण पंडितालाही त्यांनी त्याचे श्रेय दिले आहे.

१९७४ साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, क्नूथ यांना संगणकशास्त्रातील सर्वश्रेष्ठ मानला जाणारा ट्यूरिंग पुरस्कार मिळाला. सातांपैकी तीन खंड झाले होते. उरलेले चार येत्या काही वर्षांत होतील, असे कोणासही वाटले असते.

झाले ते असे. पहिल्या आवृत्त्या मोनोटाईप यंत्रावर, शिशाच्या तापल्या रसातून ओतलेल्या खिळ्यांनी जुळविल्या होत्या. गणिताची जुळणी हे फार नाजूक काम. मूळ ओळीच्या वर घातांक, खाली निर्देशांक, त्यांनाही पुन्हा लहान घातांक. जाणत्या जुळाऱ्यावाचून ते साधत नाही. सत्तरीच्या दशकात तशी माणसे व ती यंत्रे दोन्ही मोडीत निघत होती. १९७७ च्या मार्चअखेर दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते आली ती छायाक्षरांच्या नव्या पद्धतीने काढलेली. अक्षरे ओबडधोबड, त्यांतील अंतरे विषम. तळघरातील छापखान्यात वाढलेल्या माणसाला ती पाने पाहवेनात. आपला ग्रंथ असा दिसणार असेल तर पुढे लिहावेच कशाला, असे त्यांना वाटले.

थोड्याच दिवसांपूर्वी त्यांच्या पाहण्यात दुसरी काही मुद्रिते आली होती. ती अंकीय यंत्रावर काढलेली होती, म्हणजे त्यांतील प्रत्येक अक्षर सूक्ष्म ठिपक्यांचे बनलेले होते. ठिपका आहे किंवा नाही, शाई किंवा कोरा कागद, एक किंवा शून्य. मग क्नूथ यांच्या ध्यानी आले की, हा प्रश्न आता शिशाचा राहिला नसून आपल्याच शास्त्राचा झाला आहे. मे १९७७ मध्ये त्यांनी आराखडा केला. वर्षभराची रजा पुरेल असा अंदाज होता. तो हस्तलिखिताच्या पानांच्या अंदाजासारखाच ठरला. काम हातावेगळे होऊन पाच खंडांत प्रसिद्ध झाले ते १९८६ साली.

या कामाचे दोन भाग. पहिला जुळणीचा, त्याचे नाव 'टेख', कौशल्य या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून घेतलेले. जुना कंपॉझिटर ओळीमागून ओळ जुळवी. एक ओळ भरली की तीत पट्ट्या ठोकून ती घट्ट करी आणि पुढच्या ओळीला लागे. तिसऱ्या ओळीत शब्द विरळ पडले, तरी पहिली ओळ पुन्हा सोडून जुळविण्यास त्याला सवड नसे. क्नूथ यांच्या प्रोग्रॅमात सबंध परिच्छेद एकदम विचारात घेतला जातो. शब्द म्हणजे पेट्या, त्यांमधील जागा म्हणजे ताणता-आवळता येणारा चिकट पदार्थ, अशी कल्पना केली आहे. ओळी तोडण्याच्या नाना प्रकारांपैकी ज्यात एकंदर कुरूपता सर्वांत कमी तो प्रकार निवडला जातो. कुरूपतेला अंकात मोजावयाचे, हे ऐकावयास विचित्र वाटते. पण जाणता जुळारी डोळ्यांनी तेच करीत असतो.

दुसरा भाग अक्षरांचा, आणि कठीण तो हाच ठरला. 'मेटाफाँट' या प्रोग्रॅमात अक्षर हे चित्र म्हणून साठविलेले नसते. लेखणी कोठून कोठे, कोणत्या वळणाने जाईल, तिचे टोक किती रुंद व किती तिरपे कापलेले आहे, हे समीकरणांनी सांगावयाचे असते. बोरूने कित्ता गिरविलेल्या मराठी माणसाला हे चटकन कळेल. आपल्या अक्षरातील जाड-बारीकपणा हाताच्या जोराने येत नाही, बोरूच्या तिरप्या कापाने येतो. हेच त्यांनी गणितात बसविले. इंग्रजी 'एस' या अक्षराने मात्र त्यांना तीन दिवस व तीन रात्री झुलविले. वळण मध्यावर उलटते तेथे जाडी कशी राखावी, हे सुटेना. पत्नीला आकृती दाखविली तर तिने सहज विचारले की, हे 'एस'च्या आकाराचे का करीत नाहीस? अखेर सुटले, आणि त्या एका अक्षरावर क्नूथ यांनी १९८० मध्ये स्वतंत्र लेख प्रसिद्ध केला. नव्या पद्धतीने छापलेला दुसरा खंड १९८१ साली हाती आला तेव्हा त्यांची पुन्हा निराशा झाली. अक्षरे अजून मनासारखी नव्हती. मग हेर्मान झाप्फ यांच्यासारख्या अक्षरकारांपासून शिकत त्यांनी ती पुन्हा घडविली.

हे सारे कोणा एका देशाचे वेड म्हणून सोडून देता येत नाही, आणि गोव्याच्या वाचकाने तर मुळीच सोडू नये. आशियातील पहिला युरोपीय पद्धतीचा छापखाना १५५६ साली गोव्यात आला. फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठी ओव्यांत ख्रिस्तपुराण रचले, ते १६१६ साली राशोल येथे छापले गेले. पण ते रोमन अक्षरांत! फादर स्टीफन्स यांना देशी लिपी नको होती असे नव्हे. १६०८ च्या एका पत्रात त्यांनी देशी अक्षरांत ग्रंथ छापले जावेत ही इच्छा व्यक्त केली आहे आणि अडचणही सांगितली आहे: युरोपात चोवीस साच्यांत भागते, येथे साचे सहाशेपर्यंत लागतील. काना, मात्रा, वेलांटी, रफार आणि जोडाक्षरे यांचा हा हिशेब. ज्या भाषेचे फुलझाडांत मोगरीशी आणि परिमळात कस्तुरीशी साम्य त्यांनी कल्पिले, तिला तिच्या अक्षरांत छापलेली पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

साचा न ओतता अक्षर समीकरणाने निर्माण करता आले की सहाशे काय आणि हजार काय, खर्च शिशाचा उरत नाही. म्हणूनच मेटाफाँटकडे भारतीय लिप्यांचे लक्ष लवकर गेले. भारतीय लिप्यांचे अक्षररेखन व जुळणी यांवर पिजुष घोष यांचा अहवाल १९८३ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातूनच निघाला. पुढे १९९१ साली नेदरलँड्समधील ग्रोनिंगन येथील फ्रान्स वेल्थाउस यांनी मेटाफाँटने संपूर्ण देवनागरी सिद्ध केली. ती परदेशांतील अनेक संस्कृत अभ्यासकांच्या उपयोगी पडली. घरच्या छापखान्यांत देवनागरीचे संगणकीय मुद्रण रुळले ते दुसऱ्या मार्गांनी, हेही सांगितले पाहिजे.

जगभरचे गणित मात्र टेखनेच छापले जाऊ लागले. क्नूथ यांनी तो प्रोग्रॅम विकला नाही, त्यावर स्वामित्वाचा दावा लावला नाही. सर्वांस मोफत दिला. चूक दाखवील त्याला बक्षीस, हा त्यांचा शिरस्ता. ग्रंथातील प्रत्येक नव्या चुकीस दोन डॉलर छप्पन्न सेंट. दोनशे छप्पन्न ही संख्या संगणकाच्या सोळांच्या पद्धतीत एकावर दोन शून्ये अशी लिहितात, म्हणून ती निवडलेली. हे धनादेश मिळविणारे लोक ते वटवीत नसत, चौकटीत लावीत. खाते क्रमांकांच्या चोरीच्या भयाने २००८ पासून खरे धनादेश बंद करून सान सेरिफ नावाच्या बेटावरील बँकेची प्रमाणपत्रे ते देऊ लागले. हे बेट नकाशावर सापडावयाचे नाही. लंडनच्या गार्डियन पत्राने १ एप्रिल १९७७ रोजी वाचकांची गंमत करण्यासाठी ते कल्पिले होते, आणि त्याचे नाव छापखान्यातील अक्षरांच्या एका जातीवरून घेतले होते.

टेखच्या सुधारणांना त्यांनी क्रमांकही आपल्या रीतीने दिले. तिसऱ्या आवृत्तीनंतर प्रत्येक दुरुस्तीस वर्तुळाच्या 'पाय' या संख्येचा एकेक अंक वाढवावयाचा. २०२१ साली हा क्रमांक ३.१४१५९२६५३ झाला. आपल्या पश्चात क्रमांक पूर्ण 'पाय' करावा, आणि त्यानंतर उरलेल्या चुका चुका न समजता प्रोग्रॅमचा भाग समजाव्या, असे त्यांनी लिहून ठेवले आहे.

दहा वर्षे अक्षरांत गेली, ती योग्य झाली काय? चौथ्या खंडाची वाट पाहणाऱ्यांना तसे वाटत नसे. पण मजकूर एकाने लिहावा आणि तो कसा दिसावा हे दुसऱ्या कोणी ठरवावे, ही वाटणी क्नूथ यांना कधी मान्य नव्हती. गेलेला वेळ भरून काढण्यासाठी त्यांनी इतर गोष्टी एकेक सोडल्या. १ जानेवारी १९९० पासून संगणकीय टपाल बंद करून ते साधी पत्रेच घेऊ लागले. १९९३ साली, पंचावन्नाव्या वर्षी, ग्रंथासाठी त्यांनी अध्यापनातून निवृत्ती घेतली. ऑर्गन तेवढा सोडला नाही. घरी नळ्यांचा ऑर्गन बसवून घेतला होताच. बायबलच्या प्रत्येक पुस्तकातील तिसऱ्या अध्यायाचे सोळावे वचन घेऊन त्यांनी एक अभ्यासग्रंथ १९९१ मध्ये काढला, आणि त्यातील वचने निरनिराळ्या देशांच्या अक्षरकारांकडून लिहवून घेतली. प्रकटीकरणाच्या पुस्तकावर रचलेले त्यांचे ऑर्गन-संगीत स्वीडनमधील पीतेओ या गावी १० जानेवारी २०१८ रोजी, त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवशी, प्रथम वाजविले गेले.

चौथ्या खंडाचा पहिला भाग २०११ साली निघाला, दुसरा २०२२ साली. तेव्हा लेखकाचे वय चौऱ्याऐंशी होते. दोन्ही भाग सातव्या प्रकरणाचे, आणि ते प्रकरणही त्यात पुरे झालेले नव्हते. १९६२ च्या त्या कागदावर प्रकरणे बारा होती.